फोटो अजूनही धुतलेच जातात

डिसेंबरात आईची पंच्याहत्तरी झाली, चिपळूणजवळ आमच्या गावी, सगळा गोतावळा जमला होता आणि पाच जणांच्या फोनमध्ये मिळून हजार-अकराशे फोटो निघाले. आईचं म्हणणं एकच. "ते फोनवर बोट फिरवून नको दाखवू गं, धुवून आण." भाचा हसायला लागला, अगं आजी आता रोल कुठे असतो, धुणार काय? मीपण तेव्हा हसले होते. मग ठाण्यात आमच्या स्टुडिओवाल्या काकांकडे प्रिंट टाकायला गेले, त्यांनी आत बोलावून मशीन दाखवलं आणि कळलं की आईचंच बरोबर होतं.

म्हणजे बघा, आपल्याला वाटतं की डिजिटल फोटोचा प्रिंट म्हणजे घरच्या प्रिंटरची मोठी बहीण असणार, शाई उडवायची आणि कागद बाहेर. पण मोठ्या कलर लॅबमध्ये जो स्वस्तातला ४ बाय ६ निघतो (आणि ऑनलाइन ऑर्डर केलेले बरेचसे प्रिंटसुद्धा अशाच लॅबमधून येतात) त्यात शाईचा थेंबही नसतो. त्या कागदावर जिलेटिनचे थर असतात आणि त्यात चांदीच्या क्षाराचे, मुख्यतः सिल्व्हर क्लोराइडचे, अतिसूक्ष्म स्फटिक. एक थर लाल प्रकाशाला जागा होणारा, एक हिरव्याला, एक निळ्याला. कागदाचा रोल मशीनमध्ये पूर्ण अंधारात बसलेला असतो. तुमच्या पेन ड्राइव्हवरची फाइल आत गेली की लाल, हिरवा आणि निळा असे तीन प्रकाशझोत गरगर फिरणाऱ्या आरशावर पडतात, तो आरसा ते झोत कागदावर आडवे फिरवतो, कागद पुढे सरकत राहतो, आणि फोटो ओळीओळीनं कागदावर "लिहिला" जातो. फूजीनं फ्रंटियर नावाचं असं मशीन १९९६ साली आणलं, नोरित्सु या कंपनीचीही आहेत, आणि आपल्याकडच्या लॅबमध्ये ही दोन नावं कायम ऐकू येतात.

मजा म्हणजे या क्षणी कागद बाहेर काढून बघितलात तर त्यावर काहीच नाही. प्रकाशाच्या कणानं स्फटिकातला एक इलेक्ट्रॉन मोकळा केला, त्याच्याकडे चांदीचे आयन ओढले गेले आणि चांदीच्या मोजक्या अणूंचा एक ठिपका तयार झाला, बस, एवढंच. पण कागद पुढे पहिल्या टाकीत बुडतो, तिथल्या डेव्हलपर नावाच्या रसायनाला तेवढी खूण पुरते. खूण असलेल्या अख्ख्या स्फटिकाची तो चांदी करून टाकतो, आणि हे करताना डेव्हलपर स्वतः बदलतो, तो बदललेला डेव्हलपर थरातल्या दुसऱ्या एका रसायनाला जाऊन चिकटतो आणि तिथे रंग तयार होतो. लाल प्रकाश पडलेल्या थरात निळसर सायन, हिरव्यात गडद गुलाबी मजेंटा, निळ्यात पिवळा. पुढच्या टाकीत ब्लीच-फिक्स, ते सगळी चांदी खरवडून काढतं. शेवटी कागदावर राहतो तो फक्त रंग. ज्या चांदीनं सगळं काम केलं तिचा प्रिंटमध्ये मागमूस नसतो, ती टाकीतल्या पाण्यात गेलेली असते आणि मोठ्या लॅब ती परत काढूनही घेतात.

वेळ किती? साधारण ४५ सेकंद डेव्हलपर, ४५ सेकंद ब्लीच-फिक्स, मग दीडेक मिनिट धुण्याच्या टाक्या, मग गरम हवेत वाळवण. म्हणजे अक्षरशः धुणं-वाळवणंच, आणि आईला हे सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते फोटो काढण्यासारखं होतं.

आता काकांच्या दुकानातलं हे मशीन बंद असतं. कारण सोपं आहे, टाक्यांमधली रसायनं रोज वापरात असली तरच धड राहतात. दिवसाला पाचपन्नास प्रिंट निघत असतील तर डेव्हलपर हवेनं खराब होतो, पाणी आणि हीटर चालू ठेवायचा खर्च वेगळा, आणि फोटोंवर पिवळट झाक यायला लागते. म्हणून छोटी दुकानं एकतर फाइल मोठ्या लॅबला पाठवतात ("उद्या संध्याकाळी या" म्हणतात ते यासाठी), नाहीतर ड्रायलॅब ठेवतात, जो खरंच शाईचा प्रिंटर असतो, फक्त चांगल्या प्रतीचा. फरक ओळखायचा असेल तर भिंग घ्या. शाईच्या प्रिंटमध्ये गालावर, आकाशात, जिथे फिकट रंग आहे तिथे बारीक ठिपके दिसतात, धुतलेल्यात नाही, तिथे रंग सलग असतो.

आणि काउंटरवर जे छोटं खोकं असतं, पासपोर्ट फोटो दोन मिनिटांत देणारं, ते तिसऱ्याच जातीचं. त्यात एक पातळ रिबन असते, त्यावर पिवळा, मजेंटा, सायन आणि शेवटी पारदर्शक असे कागदाएवढे पट्टे एकामागून एक. तापलेल्या टोकांची एक रांग रिबनवर दाबते, जिथे जास्त गरम तिथे रंग जास्त उतरतो, कागद पुढे-मागे चार फेऱ्या मारतो. तुम्ही काउंटरवर उभे असाल तर नीट बघा, आधी पिवळा भुतासारखा चेहरा बाहेर डोकावतो, परत आत जातो, मग लालसर होऊन येतो, मग माणूस. यातली एक गोष्ट कुणी सांगत नाही, जितका रंग उतरला तितका रिबनवरून गेला, म्हणजे वापरलेल्या रिबनवर तुमच्या चेहऱ्याची उलटी प्रत तशीच राहते. काकांच्या कचऱ्याच्या डब्यात ती गुंडाळी पडली होती, उजेडात धरली तर गल्लीतली निम्मी माणसं ओळखता आली असती. आधार, पॅन कार्ड असलं काही छापून घेत असाल तर हे डोक्यात ठेवा.

बाय द वे, पासपोर्ट फोटो नेहमी आठच का मिळतात माहितीये? फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, आणि ४ बाय ६ चा कागद साधारण १०२ बाय १५२. लांबीत चार, रुंदीत दोन. बास, एवढंच.

बरं, माझा घोळ मात्र यातल्या कुठल्याच मशीननं केला नाही, तो मी स्वतः केला. आईचा एक फोटो सगळ्यांना आवडला होता, जांभळी पैठणी, नथ, आणि कुणाकडे तरी बघून हसतेय. तो १२ बाय १८ करून फ्रेम करायचा होता. मी फॅमिली ग्रुपवरून डाउनलोड केला आणि दिला. काकांनी स्क्रीनवर मोठा केला, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "ताई, व्हॉट्सअ‍ॅपचा आहे ना?"

त्यांना कसं कळलं? नथीच्या मोत्यांवरून. मोती नव्हतेच, एक पांढरट लगदा होता. पैठणीच्या काठाची जर शेजारच्या जांभळ्यात विरघळली होती आणि त्या भागात छोटे छोटे चौकोन दिसत होते.

साधा पाठवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप छोटा करतं, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास आणून ठेवतं. आता हिशेब करा. हातात धरून बघायच्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल लागतात असं सगळे सांगतात, हा आकडा कुठून आला तर डोळ्यातून. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखता येतो, फूटभर अंतरावर तो इंचाच्या सुमारे २८६ व्या भागाएवढा पडतो. त्याच्यापेक्षा बारीक दिलंत तरी डोळा घेत नाही. तर ४ बाय ६ ला लागतात १२०० बाय १८००, म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धा नाहीत! १६०० पिक्सेलवाला फोटो तिथे २६७ ला येतो, चालून जातो. पण तोच १८ इंचाला ताणला तर इंचाला ८९. भिंतीवर लावून तीन फुटांवरून बघितला तर तेवढंही जवळपास पुरतं, पण आईचा फोटो तीन फुटांवरून कोण बघतं, सगळे नाक लावून बघणार.

शिवाय पिक्सेल कमी होणं हा अर्धाच प्रकार. जेपेग, म्हणजे फोटो दाबून साठवायची नेहमीची पद्धत, फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील जमेल तसा फेकून देते, आणि रंगाची माहिती तर उजेडाच्या माहितीपेक्षा चौथा हिस्साच ठेवली जाते कारण आपला डोळा उजेडातला फरक बारकाईनं बघतो, रंगातला नाही. फोनवर कळतही नाही. पण जरीचा काठ म्हणजे नेमकं काय, बारीक तपशील आणि शेजारी शेजारी एकदम वेगळे रंग, दोन्ही एकत्र. पैठणी ही जेपेगची शत्रूच म्हणायची. भाच्याच्या फोनमध्ये मूळ फोटो होता, १२ मेगापिक्सेलचा, ४००० बाय ३०००. त्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलं, काकांनी उघडला आणि मोती एकेक मोजता आले.

ग्रुपमधले बाकी दोनशे फोटो मी ऑनलाइन टाकले होते, रात्री पलंगावर लोळत, नेक्स्ट नेक्स्ट करत. पाच दिवसांनी पाकीट आलं, कागद छान, रंग छान, आणि ग्रुप फोटोंमध्ये मागे उभे असलेले सगळे उंच काका-मामा कपाळापासून वर गायब. चिडून तक्रार करायला बसले आणि मग त्यांचंच पान नीट वाचलं, तिथे कापलं जाणारं दाखवणारी चौकट होती, मीच बघितली नव्हती. फोनचा फोटो ४:३ असतो आणि ४ बाय ६ चा कागद ३:२, हे दोन आकार जुळतच नाहीत. ६ इंच लांबी पूर्ण भरायची तर फोटोला साडेचार इंच रुंदी हवी, कागद चारच. अर्धा इंच कुठून तरी जाणारच, म्हणजे फोटोचा नववा हिस्सा. कागदाचा हा आकार ३५ मिलिमीटरच्या रोलपासून आलाय, त्याची चौकट ३:२ होती, रोल गेले पण कागद तोच राहिला. फोनच्या फोटोंसाठी ६ बाय ८ मागा, तो तंतोतंत ४:३ आहे, किंवा पांढरी किनार ठेवून पूर्ण फोटो बसवायला सांगा. मला वाटतं प्रत्येक दुकानानं हे काउंटरवर लिहून ठेवायला हवं, पण असो.

दुसरी कॉमन तक्रार, "प्रिंट डार्क आला." बहुतेक वेळा प्रिंट बरोबर असतो, फोन खोटा असतो. स्क्रीन स्वतः उजेड फेकते आणि आपण ब्राइटनेस फुल्ल ठेवून बघतो. कागदाकडे स्वतःचा उजेड नाही, खोलीत जेवढा आहे त्यातलाच परत देणार, आणि सगळ्यात काळा भागही थोडा उजेड परत फेकतोच, त्यामुळे काळ्या-पांढऱ्यातलं अंतर स्क्रीनच्या मानानं फार कमी. ऑर्डर द्यायच्या आधी ब्राइटनेस निम्म्यावर आणून बघा, सावलीतले चेहरे तेव्हाच काळे दिसले तर प्रिंटमध्येही तसेच येणार. रंगाचंही तसंच आहे. नवे फोन पी-थ्री नावाच्या मोठ्या रंगपट्टीत फोटो ठेवतात, लॅबची बरीच मशीन मात्र १९९६ च्या एसआरजीबी पट्टीवर चालतात, आणि मध्ये कुणी भाषांतर केलं नाही तर झेंडूचा केशरी चक्क उतरलेला येतो.

काकांच्या कीबोर्डवर याचा उपाय आहे, सायन, मजेंटा, यलो आणि डेन्सिटी (म्हणजे एकूण गडदपणा) अशी चार बटणं, एकेक फोटो बघून दोन टिचक्या इकडे दोन तिकडे. अनुभवी माणसाचा हात यातच दिसतो. फक्त एक सांगावं लागलं, "काका, आईला गोरी करू नका." सवयीनं करतात, वाईट हेतू नसतो, पण ती पंच्याहत्तर वर्षं कोकणच्या उन्हात वावरलेली बाई आहे, ट्यूबलाइटसारखी दिसली तर तिलाच ओळखू येणार नाही.

ग्लॉसी की मॅट? मी ग्लॉसी म्हणणार होते. काकांनी विचारलं, फ्रेम गावी लागणार ना? मग मॅट घ्या आणि काचेला टेकू देऊ नका. त्यांनी फोटोभोवती पुठ्ठ्याचा जाड माउंट लावून दिला, काच आणि फोटोमध्ये बोटभर नाही पण नखभर तरी मोकळी जागा. कारण परत तेच जिलेटिन. पावसाळ्यात ते हवेतला ओलावा पितं, मऊ होतं, काचेला लागलेलं असेल तर चिकटून बसतं, आणि मग ओढून काढलंत की फोटोचं कातडं काचेवरच राहतं. बुरशीलाही जिलेटिन आवडतं. बाकी जुने रंगीत फोटो जे लालसर पडलेले दिसतात त्यांचं कारण वेगळं, त्या काळच्या कागदातला सायन रंग अल्बममध्ये, अंधारातसुद्धा, हळूहळू मरायचा आणि मागे लाल-पिवळा उरायचा. आताचे कागद त्या बाबतीत खूपच सुधारलेत, पण खिडकीसमोर लावलात तर आताचाही फोटो फिका पडणार.

फ्रेम घेऊन गावी गेलो तेव्हा ओटीवर बाबांचा फोटो होता, १९८० च्या आसपासचा, काचेला पूर्ण चिकटलेला. भाच्यानं तो उघडायचा नाद सोडला, फ्रेम खाली उतरवून अंगणात आडव्या उजेडात ठेवली, काचेत आभाळ दिसू नये म्हणून आईची काळी शाल दोघांनी वर धरली आणि काचेतूनच फोनवर फोटो काढला. मला डॉक्युमेंट म्हणून पाठवला. आई शालीचं एक टोक धरून उभी होती, म्हणाली, "हा पण धुवून आण. आणि त्यांना सांग, शर्ट निळा होता, हा लाल नाही."