तुंबलेली धमनी वेगळी, आखडलेली बारीक वाहिनी वेगळी

“बीपी आहे, पण अँजिओग्राफी क्लिअर आली, आता टेन्शन नाही!” हे ऐकून ऐकून कान किटले. हृदयाच्या अँजिओग्राफीत दिसतात त्या मोठ्या धमन्या. साधारण अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या त्या चित्रात येतच नाहीत आणि उच्च रक्तदाबाचा बराचसा कारभार नेमका तिथे चालतो.

मोठ्या धमनीचं ब्लॉकेज सगळ्यांना पाठ आहे. एलडीएल कोलेस्टेरॉल अस्तराखाली शिरतं, मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या भक्षक पेशी ते गिळून फुगतात, थर साचतो, तो फुटला की गुठळी होते. स्टॅटिन, स्टेंट, बायपास ही फौज त्याच्यासाठी. पुढे जाऊ.

बारीक धमन्यांत चरबीचा असा थर साचायची गरजच नसते. भिंतीतले स्नायू आधी नुसते आखडतात. दाब वर्षानुवर्षे चढा राहिला की त्या आखडलेल्या मापावरच भिंतीची फेरमांडणी होते. माल जवळपास तेवढाच, पोकळी मात्र लहान. त्रिज्या १० टक्के घटली तर, दाब तोच धरला, तरी प्रवाह गणिताने (तो त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो) सुमारे ३४ टक्के घटतो. ब्लॉकेज शोधणाऱ्याला इथे काहीच सापडत नाही.

खरा गोंधळ पुढेच आहे. “दोन्हीकडे प्रतिकारशक्तीच्या पेशींनी आणलेली सूजच ना, मग एकच की!” पेशी काही अंशी त्याच, हे कबूल. पण बसण्याची जागा आणि उद्योग निराळे. ब्लॉकेजमध्ये मॅक्रोफेज भिंतीच्या आत, चरबीने लडबडलेले. बीपीत टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्याच पांढऱ्या पेशी) आणि मॅक्रोफेज वाहिनीच्या बाहेरच्या आवरणात, भोवतालच्या चरबीत आणि मूत्रपिंडात जमतात. तिथून त्या पेशी सायटोकाइन्स (सूज भडकवणारे रासायनिक निरोप) सोडतात, ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशींना इजा करणाऱ्या ऑक्सिजन-रेणूंचा मारा) वाढतो आणि वाहिनीला सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो. झालं, स्नायू आखडलेलेच.

बरं, या पेशी नुसत्या बघ्या नाहीत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात टी आणि बी या दोन्ही पेशी नसलेल्या उंदरांना दाब चढवणारं अँजिओटेन्सिन हे संप्रेरक दिलं, तर दाब नेहमीइतका चढला नाही. टी-पेशी परत घातल्या, दाब चढला. बी-पेशी घालून फरक पडला नाही. म्हणून बीपीच्या पेशंटला “इम्युनिटी वाढव” म्हणत काढा पाजणारे दिसले की माझं डोकं फिरतं. इथे तक्रार आहे ती या पेशी फार चेकाळल्याची.

उलट बाजूचा पुरावा माणसांतला आहे. २०१७ च्या कॅन्टॉस चाचणीत, आधी झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांत, कॅनाकिनुमॅब या, एकाच सायटोकाइनला अडवून सूज दाबणाऱ्या औषधाने पुन्हा झटका येण्याचं प्रमाण घटलं. रक्तदाब मात्र जागचा हलला नाही. निदान त्या एका सायटोकाइनच्या वाटेपुरते तरी दोन्ही आजार एका सुरात चालत नाहीत.

औषधांतही हा फरक दिसतो. मोजक्या रुग्णांच्या कुल्ल्याच्या त्वचेखालून काढलेल्या बारीक धमन्या वर्षभराच्या उपचाराआधी आणि नंतर तपासल्या गेल्या. लोसार्टन आणि अ‍ॅटेनोलॉल या बीपीच्या दोन्ही गोळ्यांनी दाब सारखाच उतरवला, पण धमनीची ठेवण सुधारली ती लोसार्टनवाल्यांची. (हे वाचून स्वतःची गोळी बदलू नका, डॉक्टरांना विचारा.)

मग या वाहिन्यांची खबर कुठून घ्यायची? डोळ्याच्या पडद्यावर त्या चिरफाड न करता थेट दिसतात, आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (गळणारं प्रथिन आणि नेहमीचं टाकाऊ द्रव्य यांचं प्रमाण) मूत्रपिंडातल्या वाहिन्यांची हाक लवकर ऐकवतं. ते ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर गेलं तर दखल घ्यायची आणि तपासणी पुन्हा करून खात्री करायची. डायबिटीसवाल्यांना ही तपासणी आठवणीने सांगितली जाते. नुसतं बीपी असलेल्यांनी स्वतःहून विषय काढावा. अँजिओग्राफीच्या मानाने खर्च काहीच नाही.