कॅच कॅन आणि चारकोल कॅनिस्टर, दोन्ही डबेच, पण घरी बनवायचा त्यातला फक्त कॅच कॅन

घरी गाडी बांधताना इंजिन एका गाडीचं, टाकी दुसऱ्या गाडीची, आणि शेवटी बॉनेटखाली दोन-चार नळ्या अशा उरतात की कुठली कुठे लावायची तेच कळत नाही. कॅच कॅन पण डबा, चारकोल कॅनिस्टर पण डबा, दोन्हीतून एक नळी इनटेक मॅनिफोल्डलाच (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना) जाते, म्हणून बरेच जण म्हणतात एकच मोठा डबा वेल्ड करू आणि सगळं त्यात सोडून देऊ. प्लीज असं करू नका.

आधी कॅच कॅन. इंजिन कितीही नवीन असू दे, पिस्टन रिंगच्या बाजूने सिलिंडरमधला थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागात) उतरतोच, त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते आणि सोबत ऑइलचे बारीक थेंब. पूर्वी हा सगळा गॅस एका पाईपने सरळ खाली सोडून द्यायचे, १९६१ मध्ये कॅलिफोर्नियात पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) आला आणि तो गॅस परत इनटेकमध्ये ओढून जाळायला सुरुवात झाली. कॅच कॅन त्या पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्डच्या मधे बसतो आणि ऑइल अडवतो, बस एवढंच. गॅस अरुंद नळीतून मोकळ्या डब्यात येतो, वेग कमी होतो, बाफलवर (आतल्या आडव्या पत्र्यावर) वळतो, थेंब थंड भिंतीला आणि जाळीला चिकटून खाली गळतात. म्हणजे काम सगळं आकार करतो, आणि आकार आपण बनवू शकतो. ॲल्युमिनियमचा पाईप, वर-खाली झाकण, खाली ड्रेन, आत येणारा गॅस जाळीच्या खाली सोडायचा आणि बाहेरची नळी अगदी वरून काढायची. जाळी स्टेनलेसचीच घ्या, भांडी घासायचा काथ्या भरू नका, त्याचे तुकडे तुटून इंजिनात जातात. आणि डबा सील्ड हवा. वर छोटा फिल्टर लावून उघडा ठेवलात तर मॅनिफोल्ड तिथून न मोजलेली हवा ओढतो, आयडल (गाडी उभी असताना इंजिनाचा संथ वेग) बिघडतो, आणि नळी मॅनिफोल्डपासून तोडून डबा तसाच उघडा सोडलात तर मग तो गॅस परत हवेतच गेला ना, सगळी मेहनत कशासाठी केली? ड्रेन मात्र नियमित करा, थंडीत आतलं पाणी गोठून नळी बंद होऊ शकते आणि मग क्रँककेसचं प्रेशर ऑइल सीलमधून वाट काढतं.

आता चारकोल कॅनिस्टर. याचा इंजिन ऑइलशी काहीच संबंध नाही, ही टाकीची गोष्ट आहे. गाडी उन्हात नुसती उभी असली तरी टाकीतल्या पेट्रोलची वाफ होते, ती वाफ कॅनिस्टरमधल्या सक्रिय कोळशाला चिकटून राहते. इंजिन गरम झालं की इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे कॅनिस्टर आणि इंजिनामधला झडप, उघडतो, कॅनिस्टरच्या व्हेंटमधून (हवेच्या तोंडातून) ताजी हवा कोळशातून ओढली जाते आणि वाफ इंजिनात जाऊन जळते, कोळसा परत रिकामा. म्हणजे कॅच कॅन पकडलेलं ऑइल परत देत नाही, ते आपण काढून टाकायचं, कॅनिस्टर मात्र पकडलेलं सगळं परत देतो, आणि याचमुळे तो घरी बनवू नये असं माझं ठाम मत आहे. इथे काम डब्याचा आकार नाही करत, आतला कोळसा करतो. एका ग्रॅमला हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो, पण त्यातली छिद्रं अशा मापाची हवीत की पेट्रोलची वाफ धरतील आणि ताजी हवा आतून ओढली की सोडतीलही. फिश टँकच्या फिल्टरचा कोळसा त्या कामासाठी बनलेलाच नसतो. शिवाय कोळसा हलू नये म्हणून आत स्प्रिंग असते, दोन्हीकडे फोम असतो, तो फोम फाटला तर दाणे थेट पर्ज व्हॉल्व्हमध्ये. तेवढ्याच टाकीच्या दुसऱ्या गाडीचा चांगला कॅनिस्टर घ्या, तुम्ही ब्रॅकेट आणि नळ्या बनवा.

फॅब्रिकेशनचं खरं कौशल्य इथे टाकीच्या वरच्या बाजूला लागतं. वाफेची नळी टाकीच्या सगळ्यात उंच जागेवरून काढा, रोलओव्हर व्हॉल्व्ह (गाडी उलटली तर पेट्रोल अडवणारा) लावा, आणि नळी आधी वर चढवून मग कॅनिस्टरकडे न्या. द्रव पेट्रोल एकदा कोळशात गेलं की कॅनिस्टर गेला असं धरा. नळी पण पेट्रोलच्या वाफेसाठी असलेलीच, साध्या व्हॅक्यूम नळीतून वास झिरपत राहतो.

मी एकदा टाकीचा ब्रीदर (वाफेची नळी) कॅच कॅनला जोडलेला पाहिलाय आणि खरंच पोटात गोळा आला, कारण आत वाफ धरायला कोळसा नाही, वर फिल्टर उघडा, शेजारी तापलेला एक्झॉस्ट.

ओळखायचं कसं? थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागात) ऑइल दिसतंय तर क्रँककेसची बाजू बघा. रात्रभर उभ्या गाडीपाशी पेट्रोलचा वास येतोय तर टाकी आणि कॅनिस्टरची. आणि इंजिन थंड असताना आयडलवर पर्ज व्हॉल्व्हची कॅनिस्टरकडची नळी काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवा, ओढ लागली तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, तो आधी बदला आणि मगच मिक्स्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) ट्यून करायला बसा.