कारागीर-डिझाइन शिक्षण (कच्छ)

कारागीर-डिझाइन शिक्षण : हातमाग, ठसेछपाई, बांधणी, भरतकाम असे पिढीजात काम करणाऱ्या घरांतील तरुण-तरुणींना त्यांच्या भाषेत आणि त्यांच्याच कामाच्या आधाराने डिझाइन शिकवण्याची पद्धत. भारतात या पद्धतीला नेमके रूप आले ते गुजरातच्या कच्छ जिल्ह्यात. २००५ मध्ये मुंद्रा तालुक्यात ‘कला रक्षा विद्यालय’ सुरू झाले आणि २०१४ पासून आदिपूरची ‘सोमैया कला विद्या’ ही संस्था त्याच पद्धतीचे शिक्षण देत आहे. विणणारा, छापणारा, टाके घालणारी ही माणसे मुळातच डिझाइनर असतात; ते म्हणवून घेण्याचा हक्क मात्र त्यांच्याकडून काढून घेतला गेला, ही या शिक्षणामागची भूमिका.

‘डिझाइन’साठी मराठीत आरेखन, अभिकल्प, संकल्पन असे शब्द सुचवले गेले, पण बोलण्यात एकही रुळला नाही. ‘नक्षी’ जवळचा वाटतो, तरी तो कापडाच्या पृष्ठभागापुरताच राहतो. लोकर कोणती घ्यायची, पदर कुठे थांबवायचा, रंग कोणासाठी, किंमत किती, हे सारे निर्णय डिझाइनमध्ये येतात. ते निर्णय कोण घेतो, यावरच कच्छमधल्या या प्रयोगाचा सारा भर आहे.

गिऱ्हाईक शेजारी होते तेव्हा

कच्छमध्ये पूर्वी वस्तू बनवणारा आणि वापरणारा एकमेकांना नावाने ओळखत. रबारी पशुपालक मेंढ्यांची लोकर आणून देत. भुजोडीसारख्या गावांतले मेघवाळ समाजातील वणकर तिच्यापासून घोंगड्या, ओढण्या विणत. खत्री त्यांवर बांधणीचे आणि रंगाचे काम करत. आणि मग रबारी बायका त्यावर भरतकाम करत. पुरुषांच्या जाड लोकरी वस्त्राला तिथे धाबळो म्हणतात; मराठी वाचकाला सोवळ्याची धाबळी आठवेल. कोणत्या समाजाला कोणता काठ, विधवेला कोणता रंग, नवरीला कोणता, हे विणकराला विचारावे लागत नसे. डिझाइन वेगळे शिकवायची गरज नव्हती, कारण घेणारा अंगणात येऊन बसत होता.

गिरणीचे स्वस्त कापड आणि पुढे कृत्रिम धागा आला तसे हे नाते तुटले. काम टिकले, पण गिऱ्हाईक दूरच्या शहरात गेले आणि मधे दुकानदार, निर्यातदार व शहरी डिझाइनर उभे राहिले. कागदावर काढलेला नमुना येई, सोबत रंगाचे तुकडे आणि नगांची संख्या. कारागिराने तो तसाच उतरवायचा आणि नगावर मजुरी घ्यायची. हा बदल वरवर छोटा दिसतो. प्रत्यक्षात त्यात डोके एकीकडे आणि हात दुसरीकडे अशी वाटणी झाली, आणि हाताचा भाव पडला. घरातला मुलगा मग मागावर बसण्यापेक्षा एखाद्या कंपनीत पहारेकऱ्याची नोकरी बरी म्हणू लागला, तर त्याला दोष कसा द्यायचा?

याची सर्वांत बोचरी बाजू कच्छमधल्या सुमरासर शेख या गावच्या सुफ भरतकामात दिसते. १९७१च्या युद्धानंतर सिंधच्या थरपारकर भागातून आलेल्या कुटुंबांबरोबर हे काम कच्छमध्ये आले. सुफ कापडावर काही रेखाटून घेत नाहीत. बाई कापड उलटे धरते आणि मागच्या बाजूने उभे-आडवे धागे मोजत सुई घालते. त्रिकोणाला त्रिकोण जुळत पुढच्या बाजूला मोर, फूल, घर उमटते. एक धागा चुकला तर टोक जुळत नाही. सगळा आराखडा डोक्यात असतो. अशा बाईच्या हातात छापील नमुना देऊन ‘हे भर’ म्हणणे म्हणजे तिच्या कलेतला सर्वांत अवघड भाग तिच्याकडून काढून घेणे होय.

शिक्षणाचे दार

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला अहवाल दिला आणि त्याच्या आधाराने १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइन केंद्र निघाले. ईम्स दांपत्याने ज्या वस्तूचे तोंड भरून कौतुक केले ती आपल्या घरातला साधा लोटा होता. कोणा एका डिझाइनरचे नाव त्यावर नाही, कित्येक पिढ्यांनी तो घडवला. मात्र असा लोटा घडवणाऱ्यांच्या मुलांना नव्या संस्थांचे दार सहज उघडले नाही. प्रवेश परीक्षा, इंग्रजी, काही वर्षांची फी, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे घरातला एक हात कमी झाला की माग थांबतो. अहमदाबादपासून भुज रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटरवर आहे, पण खरे अंतर हे होते.

दार उघडण्याचा एक मोठा प्रयत्न त्याच अहमदाबादेतून झाला, तो नोंदवायला हवा. भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई यांनी पद सोडल्यावर १९७५ मध्ये राजस्थानच्या तेव्हाच्या अजमेर जिल्ह्यातील जवाजा येथे राष्ट्रीय डिझाइन संस्थेसोबत काम सुरू केले. चामड्याचे काम करणारे रैगर आणि तिथले विणकर यांनी स्वतःच्या संघटना उभ्या केल्या. बाहेरच्यांनी शिकवायचे आणि मग बाजूला व्हायचे, हा तिथला आग्रह होता. कच्छमध्ये जे पुढे झाले त्याचे बीज मला तरी जवाजात दिसते.

विद्यालय

अमेरिकन वस्त्र-अभ्यासक जूडी फ्रेटर यांनी १९९३ मध्ये स्थानिक सहकाऱ्यांबरोबर सुमरासर शेख येथे ‘कला रक्षा’ ही संस्था काढली. भरतकाम करणाऱ्या बायकांना त्यांच्याच आज्या-पणज्यांचे जुने नमुने पाहता यावेत म्हणून तिथे संग्रहालयही उभारले. दहाएक वर्षांच्या कामानंतर लक्षात आले की बाहेरून डिझाइनर आणून नमुने करून घेणे हा उपाय नाही. डिझाइनचे शिक्षणच कारागिरांपर्यंत न्यायला हवे. २००५च्या विद्यालयाचा जन्म यातून झाला.

अभ्यासक्रमाची रचना साधी आहे आणि त्या साधेपणातच तिचे शहाणपण. वर्षभरात सहा वर्ग, प्रत्येक दोन आठवड्यांचा, राहून शिकायचा. मधल्या काळात विद्यार्थी घरी जातो, आपल्या मागावर, आपल्या ठशांवर गृहपाठ करतो आणि शिक्षक गावात जाऊन तो पाहतात. माग थांबत नाही, घरचे उत्पन्न बुडत नाही. शालेय प्रमाणपत्राची अट नाही. लिहिता न येणारी बाईही बसू शकते. बायकांचे आणि पुरुषांचे वर्ग वेगवेगळे भरतात, कारण घरचे पाठवतील ते तेव्हाच. बाहेरून येणाऱ्या डिझाइन-शिक्षकाबरोबर पूर्वी इथेच शिकून गेलेला कारागीर शिकवायला असतो. शिकवण्याची भाषाही मुलांच्या रोजच्या वापरातली. काय शिकवावे यात ज्येष्ठ कारागिरांचा सल्ला घेतला जातो.

पहिला वर्ग रंगाचा. दुसरा मूलभूत डिझाइनचा: लय, तोल, मोकळी जागा, आणि हे सारे आपल्याच परंपरेतील जुन्या कापडांत शोधायचे. तिसऱ्यात बाजार, शहरातली दुकाने आणि घरे पाहून आपली वस्तू कोण, कुठे, कशी वापरतो ते समजून घ्यायचे. चौथ्यात एक संकल्पना धरून काम, पाचव्यात त्यातून वस्तूंची मालिका आणि तिचे फिनिशिंग, सहाव्यात सादरीकरण. शेवटी परीक्षकांसमोर आपले काम उभे राहून समजावून सांगायचे, आणि मग जाहीर पदवीदान व फॅशन शो, ज्याला गावातली माणसे येतात. ज्या सासरच्यांनी सुनेला पाठवताना कुरकूर केली, तेच पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात, असा हा सोहळा.

रंगाच्या वर्गाचे महत्त्व अजरख, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेले कच्छी कापड, तयार करणाऱ्या खत्री मुलाच्या जागी उभे राहिले की कळते. त्याच्या घरात कापड आधी हिरड्याच्या पाण्यात पिवळसर होते. चुना आणि डिंकाच्या लेपाने रेषा राखल्या जातात. भंगार लोखंड आणि गूळ दिवसचे दिवस आंबवून काळा रंग तयार होतो. तुरटीवर लाल चढतो, निळीच्या कुंडात निळा. मधे पुन्हा पुन्हा धुणे, वाळवणे. हे कसब त्याच्या अंगात लहानपणापासून असते. पण लाल, निळा, काळा, पांढरा हेच का, त्यांतला एक काढला तर काय होईल, जाळीत अर्धा भाग कोरा सोडला तर डोळा कुठे थांबेल, असे प्रश्न त्याला कोणी विचारलेले नसतात. वर्गात नवे तंत्र जवळपास शिकवतच नाहीत. शिकवतात ते पर्याय पाहायला आणि त्यांतून निवडायला, आणि निवड का केली ते सांगायला. भुजोडीच्या विणकराचा ‘चौमुख’ किंवा ‘ढोलकी’ हा आकृतिबंध तोच राहतो. तो शालीच्या चारही कडांवर घालायचा की एकाच कोपऱ्यात एकटा ठेवायचा, हे तो ठरवतो.

त्या वेळच्या कच्छमध्ये असे स्वतः ठरवणे नवे नव्हते, हेही सांगायला हवे. अजरख छापणाऱ्या खत्रींचे जुने गाव धमडका; तिथली नदी आटत गेली, पाण्याने रंग बिघडू लागला, आणि २६ जानेवारी २००१च्या भूकंपाने उरलेले गाव पाडले. तेव्हा खत्री कुटुंबांनी एकत्र बसून भुजजवळ नवी जागा ठरवली आणि अजरखपूर वसवले. कापड धुवायला पाणी कुठे, वाळवायला मोकळी जमीन किती, या धंद्याच्या गरजांवरून गावाची जागा ठरली. समाजाने स्वतः केलेल्या डिझाइनचे याहून मोठे उदाहरण शोधावे लागेल.

महाराष्ट्राशी नाते

सोमैया कला विद्येमागे मुंबईच्या विद्याविहारचा सोमैया न्यास आहे. करमशी जेठाभाई सोमैया (१९०२–१९९९) यांचे घराणे मूळ कच्छचे; त्यांचा जन्म मात्र अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातला आणि नाव झाले ते साखरेच्या धंद्यात. डिझाइनच्या वर्षानंतर व्यवसाय व व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम इथे जोडला गेला. इथून शिकलेल्या कारागिरांनी मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये आपले काम स्वतःच्या नावाने मांडले आहे.

याहून जवळचा धागा इरकलीचा. सोमैया समूहाचा साखर कारखाना कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात समीरवाडीला आहे, आणि इरकल म्हणजे इलकल त्याच जिल्ह्यात. आपल्या खणाचे गुळेदगुड्डही तिथलेच. इरकलीचा पदर साडीच्या अंगाच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, धाग्यात धागा अडकवून जोडतात. एकेका साडीसाठी नवा ताणा लावावा लागतो. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्याच्या आज्यांनी ज्या नेसल्या त्या साड्यांचे विणकर गिऱ्हाईक आटल्याने अडचणीत आले, तेव्हा कच्छमधून शिकून तयार झालेले भुजोडीचे विणकर त्यांना मार्गदर्शन करायला गेले. भाषा वेगळी, माग वेगळा, धागा वेगळा. तरी विणकराने विणकराला शिकवले, आणि माझ्या मते या साऱ्या प्रयोगाचे खरे यश इथे आहे.

नर्मदेकाठच्या महेश्वरला अहिल्याबाई होळकरांनी विणकर वसवले. तिथेही विमेनवीव्ह संस्थेचे हँडलूम स्कूल देशभरातल्या तरुण विणकरांना डिझाइन, धंदा आणि संगणक शिकवते.

मर्यादा

या शिक्षणाचा फायदा सर्वांना सारखा होत नाही. ज्याच्या घरी स्वतःचे माग आहेत, छपाईची टेबले आहेत, तो शिकून आल्यावर दुसऱ्या दिवसापासून स्वतःचा माल बनवू शकतो. भरतकाम करणारी बाई बहुधा कोणाच्या तरी ऑर्डरवर नगाप्रमाणे काम करते. डिझाइन शिकली तरी कापड, भांडवल आणि बाजाराचा प्रवास तिच्या हातात नसतो. रबारींच्या ढेबरिया शाखेच्या पंचांनी १९९५ मध्ये घरगुती वापराच्या भरतकामावर बंदी घातली, कारण हुंड्यासाठी भरायच्या कपड्यांचा बोजा लग्नांना अडवत होता. त्या समाजातल्या बायकांना आपली कला राखायला तयार फिती आणि शिवणयंत्राचा मार्ग शोधावा लागला. अशा निर्णयांत बाईचे मत किती, हा प्रश्न कोणताही अभ्यासक्रम एकटा सोडवू शकत नाही.

दुसरी अडचण नकलेची. लुधियानात यंत्रावर कच्छी शाल विणली जाते, जेतपूरला स्क्रीनवर अजरख छापला जातो, आणि गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. तिसरी अधिक नाजूक आहे: आकृतिबंध साऱ्या समाजाचा, मग त्यावरच्या नव्या मांडणीखाली एकट्याचे नाव कसे? भावाने भावाची मांडणी उचलली तर चोरी म्हणायची की रीत? कच्छमध्ये या प्रश्नाचे एकच उत्तर सर्वांना मान्य झालेले नाही.

महाराष्ट्रात हा वाद २०२५ मध्ये चामड्याच्या रूपाने पुढे आला. जूनमध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला कोल्हापूरचे नाव न घेता मांडल्या, आणि ओरड झाल्यावर प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे कंपनीने मान्य केले. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक निर्देशांक (जीआय) आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकचे प्रत्येकी चार जिल्हे मिळून. निर्देशांकाने नाव राखले जाते. नवी चप्पल कशी असावी हे चर्मकाराच्या घरातल्या मुलाने ठरवायचे तर त्याला वर्षभराचा असा वर्ग लागेल. कच्छचा अभ्यासक्रम त्यासाठी जसाच्या तसा उचलता येणार नाही. तिथला पहिला वर्ग रंगाचा आहे; इथला कातडी कमावण्यापासून सुरू करावा लागेल, आणि तोही कापशीसारख्या एखाद्या गावात, जिथल्या चपलेला गावाचेच नाव मिळाले आहे.