आईकडून आलेली शिदोरी : पायआरएनएची पार्श्वभूमी

फळमाशीवर काम करणाऱ्यांना १९७०च्या दशकात एक कोडे पडले होते. त्याचे उत्तर पुढे पायआरएनए या आरएनएच्या (डीएनएवरून उतरवलेल्या प्रतीच्या) छोट्या तुकड्यांत सापडले. रानातून पकडलेला नर आणि प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढलेली मादी यांचा संकर केला की संतती वांझ निघे, विशेषतः उबेत वाढवल्यास. दिसायला माशी धडधाकट. पोट उघडले की अंडाशयाच्या जागी नुसता चिपाड झालेला अवशेष. जोडी उलटी लावली, मादी रानातली आणि नर प्रयोगशाळेतला, की सगळे सुरळीत! खरे तर दोन्ही वेळा जनुकांची सरमिसळ सारखीच.

दोषी निघाला पी-एलिमेंट, डीएनएचा जागा बदलणारा तुकडा. असे तुकडे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४०च्या दशकातच मक्यात ओळखले होते. त्याचे नोबेल मिळायला १९८३ उजाडले. पी-एलिमेंट रानातल्या माश्यांत होता, प्रयोगशाळेतल्या जुन्या वाणांत नव्हता. बीजपेशीत, म्हणजे अंडी-शुक्राणू बनवणाऱ्या पेशीत, तो मोकाट सुटला की डीएनए जागोजागी तुटतो. पण आईकडून आला तर तो गप्प का बसतो, हे कळायला तीस वर्षे गेली.

मधल्या काळात धागे सुटे सुटे हाती येत होते. जिप्सी नावाच्या अशाच तुकड्याला आवरणारी ‘फ्लॅमेंको’ ही जागा एक्स गुणसूत्रावर सापडली, पण तिथे प्रथिन बनवणारे जनुक काही दिसेना. १९९७ मध्ये पिवी हे जनुक पुढे आले; तेही अशा तुकड्यांना आवरते, हे नंतर कळले. त्याच्या इंग्रजी नावाचा विस्तार साधारण ‘पी-एलिमेंटमुळे मरतुकडे झालेले वृषण’ असा. चोरानेच पहारेकऱ्याचा पत्ता दिला म्हणायचे.

२००६ मध्ये चार गटांनी जवळपास एकाच वेळी उंदराच्या वृषणात पिवी-कुळातल्या प्रथिनांना चिकटलेले, तीसएक अक्षरांचे आरएनए शोधले. तेच पायआरएनए. पुढच्याच वर्षी माशीत यंत्रणा उलगडली. फ्लॅमेंकोसारख्या जागा म्हणजे जुन्या, मोडक्या तुकड्यांचे दप्तर. त्यावरून पायआरएनए बनतात. पायआरएनए धरलेले पिवी-कुळातले प्रथिन जागा बदलणाऱ्या तुकड्याचा, त्याच्याशी जुळणारा आरएनए कापते आणि कापलेल्या भागातूनच नवा पायआरएनए तयार होतो, जो उलट बाजूचा आरएनए कापायला निघतो. चेंडू इकडून तिकडे, म्हणून ‘पिंग-पाँग’. खूण अगदी स्पष्ट : अशा जोडीची पहिली दहा अक्षरे एकमेकांना पूरक असतात.

त्या जुन्या कोड्याचे उत्तर २००८ मध्ये मिळाले. आई अंड्यात तयार पायआरएनए भरून देते. शुक्राणूबरोबर ही शिदोरी येत नाही. प्रयोगशाळेतल्या आईकडे पी-एलिमेंटविरुद्धचे पायआरएनए नव्हतेच, मग लेकीला कुठून देणार?

२०११ मध्ये आणखी एक गंमत दिसली. अशा वांझ लेकी वयाने वाढल्या की त्यांना पुन्हा अंडी होऊ लागतात. पी-एलिमेंटबरोबर बापाकडून त्याची नोंद असलेले दप्तरही आलेले असते. त्यावरून पायआरएनए हळूहळू घरच्या घरीच तयार होऊ लागतात.