परसबाग (कोकण)

घरखर्चापुरती भाजी, कंद आणि फळझाडे घराच्या मागील अंगणात लावण्याची रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील जुनी रीत. त्या जागेला परस किंवा परसू म्हणतात. सिंधुदुर्गात मागीलदार हा शब्द अधिक रुळलेला. न्हाणीचे आणि भांडी घासल्याचे पाणी जिथे वाहते तिथे अळू आणि केळी, विहिरीच्या कडेला माड, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आतल्या अंगाला शेवगा, आणि पावसाळ्यात अंगणातल्या मांडवावर पडवळ, शिराळी (दोडकी), काकडी अशी तिची साधारण मांडणी असते.

किनारपट्टीवरचे घर भाताच्या एका पिकावर आणि मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालत आले आहे. यांपैकी एक आटले तरी चूल अडते. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, मनीऑर्डरी थांबल्या आणि असंख्य कामगार गावी परतले. मार्च २०२० च्या टाळेबंदीतही चाकरमानी असेच परतले. बाजारची भाजी बरीचशी घाटावरून येते. पावसात दरड कोसळून घाट बंद झाला की तीही येत नाही. अशा वेळी मागीलदारी काय आहे, यावर घरातले जेवण ठरते.

परसबागेकडून काय मागावे, हे मात्र नीट समजून घ्यायला हवे. चार गुंठ्यांच्या परसातून वर्षाचा तांदूळ निघत नाही. डाळ, तेल, मीठ दुकानातूनच आणावे लागते. रेशनचे धान्य पोट भरते, पण त्याच्यासोबत भाजी मिळत नाही. ती उणीव परस भरून काढतो. लाल माठ पेरल्यापासून पंचवीस-तीस दिवसांत काढणीला येतो, अळू पावसाळाभर पुन्हा पुन्हा खुडता येतो, शेवग्याचा पालाही भाजीला चालतो.

आणीबाणीतला खरा आधार कंदांचा. सुरण आणि कणगी, करांदे हे वेलींचे कंद पावसाच्या तोंडावर लावतात. सुरणासाठी हातभर खोल खड्डा घेऊन त्यात शेणखत, राख, पालापाचोळा भरतात. पावसाळ्यात छत्रीसारखे एकच मोठे पान उभे राहते. दिवाळीच्या सुमारास ते पिवळे पडून कोसळते आणि मग जमिनीवर काहीच उरत नाही. म्हणून जाणती बाई पान गळण्याआधीच तिथे एक काठी रोवून ठेवते. कंद लगेच काढायची घाई नसते. सुक्या जमिनीत तो महिनोन्‌महिने टिकतो आणि लागेल तेव्हा खणता येतो. कणगी आणि करांदे नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडले तरी न्याहारी होते. सुरणात आणि अळवात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असल्याने घसा खाजतो, म्हणून भाजीत आमसूल किंवा चिंच घालतात. रानातला अनोळखी कंद मात्र भुकेच्या दिवसांतही खाऊन पाहू नये. त्यांतले काही विषारी असतात.

ही शिकवण सणातही जपलेली आहे. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही असा बायकांचा नेम असतो. मग अळू, माठ, भेंडी, पडवळ, भोपळा, सुरण, मक्याची कणसे असे परसातले सगळे एकत्र शिजते. फोडणी नाही, मसाला नाही. नांगरलेल्या शेताविना घर एक दिवस कसे जेवते, त्याची ही दरवर्षीची उजळणीच आहे.

साठवणही परसबागेचाच भाग मानावी. राखाडी साय धरलेला कोहळा आणि पिकलेली काकडी केळीच्या सोपाने (खोडाच्या वाळल्या सालीने) बांधून वाशाला टांगतात. फणसाच्या आठळ्या वाळूत किंवा मातीत घोळवून पावसाळ्यासाठी ठेवतात. रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) साली मीठ घातलेल्या त्याच्याच रसात बुडवून उन्हात वाळवल्या की वर्षाची आमसुले होतात. दोडक्याचे बी दोडक्यातच वाळवून चुलीवर धुरात टांगतात. धुरामुळे कीड लागत नाही. दुकानातले संकरित बी दुसऱ्या वर्षी तेच गुण देत नाही, त्यामुळे हे घरचे बी मोलाचे.

निसर्ग चक्रीवादळाने (३ जून २०२०) श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागात माड, पोफळी आणि आंब्याच्या बागा आडव्या केल्या. उंच जातीचा माड नव्याने धरायला सहा ते आठ वर्षे लागतात. म्हणून केवळ झाडांवर विसंबलेला परस वादळात दुबळा ठरतो. उंच झाड, वेल, पालेभाजी आणि जमिनीखालचा कंद असे थर असले की सगळे एकदम जात नाही. पुराचे पाणी फिरलेल्या वाफ्यातली पालेभाजी खाऊ नये. तो वाफा वाळवून पुन्हा पेरावा.

आज सर्वांत मोठी अडचण माकडांची आणि रानडुकरांची आहे. माकडे कोवळ्या शेंगा, भोपळे, केळी ओरबाडतात आणि डुकरे रात्रीत कंद उकरून नेतात. त्याला कंटाळून परस ओसाड टाकणारी घरे वाढली आहेत, आणि हे नुकसान वादळाइतकेच गंभीर आहे. काही घरांनी त्यावर वाट काढली आहे: सिमेंटच्या रिकाम्या गोणीत माती, शेणखत आणि पालापाचोळा भरून सुरण व कणगी पडवीलगत, माणसांच्या वावरात लावायची. काढणीच्या वेळी गोण उलटी केली की कंद न दुखावता निघतो. मोठा खायला घेतात, सभोवतीची पिल्ले पुढच्या पावसासाठी पडवीच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवतात.