कॅसिनोतील काम आणि ग्राहकांचे वर्तन : ठाणे–नवी मुंबई परिसराच्या संदर्भात

कॅसिनो म्हणजे सरकारी परवान्याने चालणारे जुगारगृह. ठाणे किंवा नवी मुंबईत असे एकही जुगारगृह कायदेशीरपणे चालत नाही. तरीही येथून गोव्यातील कॅसिनोंना गिऱ्हाईक जाते आणि येथील हॉटेल व्यवस्थापन शिकलेली काही मुलेमुली गोव्यात किंवा पर्यटक जहाजांवर खेळाच्या टेबलामागे उभी राहतात. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनो नियंत्रण व कर अधिनियम संमत केला होता, परंतु तो प्रत्यक्ष अंमलात कधीच आला नाही आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे येथे आजही १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदाच लागू आहे. गोव्याचा जुगारविषयक कायदाही १९७६ चाच. मात्र त्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना आणि पुढे १९९६ मध्ये जहाजांवरील टेबलांच्या खेळांना वाट मिळाली.

टेबलावर पत्ते वाटणाऱ्या किंवा रूलेटचे (फिरत्या चक्रातील चेंडू कोणत्या आकड्याच्या घरात पडेल यावर पैज लावण्याच्या खेळाचे) चक्र फिरवणाऱ्या कर्मचाऱ्यास डीलर म्हणतात. त्याच्यावर टेबलांच्या गटाचा पर्यवेक्षक, पर्यवेक्षकावर विभागप्रमुख आणि या सर्वांवर छतातील कॅमेरे अशी देखरेखीची उतरंड असते. डीलरच्या हातांची प्रत्येक हालचाल ठरवून दिलेली असते. टेबल सोडताना तो दोन्ही तळवे एकमेकांवर आपटून, बोटे पसरून, हात वरखाली उलटे करून दाखवतो. गणवेशाला बहुधा खिसा नसतो, किंवा असलेला खिसा पुढच्या ॲप्रनखाली झाकलेला असतो. ग्राहकाने दिलेल्या नोटा तो हातातून हातात घेत नाही. त्या टेबलावर ठेवायला लावतो, कॅमेऱ्याला दिसतील अशा पसरून मोजतो आणि रक्कम मोठ्याने सांगतो. ही शिस्त कर्मचाऱ्यावरील अविश्वासातून आलेली आहे हे खरे. पण ‘मी पाचशेची चिप (पैशांच्या जागी लावायची चकती) लावली होती’ असा ग्राहकाचा वाद निघाला की तीच शिस्त त्याच्या बाजूने साक्ष देते.

रूलेटच्या डीलरला पाढे तोंडपाठ असावे लागतात. एका आकड्यावरील पैजेला ३५ पट, दोन आकड्यांमधील रेषेवर लावलेल्या चिपेला १७ पट, तीन आकड्यांना ११, चार आकड्यांना ८ आणि सहा आकड्यांना ५ पट रक्कम मिळते. एकाच विजयी आकड्याभोवती चारपाच जणांच्या निरनिराळ्या रंगांच्या चिपा पडलेल्या असताना सतराचा आणि पस्तिसाचा पाढा क्षणात जुळवून प्रत्येकाचे देणे वेगळे काढावे लागते, आणि तेही समोरचा माणूस ‘लवकर करा’ म्हणत असताना. म्हणूनच साधारण तासाभराच्या कामानंतर वीस मिनिटांच्या आसपास विश्रांती देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती केवळ सवलत नसून चूक टाळण्याचा उपाय आहे. पाळ्या रात्रीच्या, उभे राहून काम करण्याच्या आणि सणासुदीला हमखास वाढणाऱ्या असतात. मांडवी नदीत नांगरलेल्या बोटींवर तर जाणेयेणेही लाँचनेच होत असल्याने पाळी सुरू असताना बाहेर पाय मोकळे करण्याची सोय नसते. धुराचा प्रश्न वेगळाच आहे : अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने २००६ साली बंदिस्त जागी धूम्रपानावर बंदी घातली, पण कॅसिनोंना तीतून वगळले, आणि ती सूट रद्द व्हावी म्हणून तेथील कर्मचाऱ्यांनाच लढा द्यावा लागला.

ग्राहकाच्या वर्तनाचे मूळ खेळाच्या गणितात आहे. एक शून्य असलेल्या रूलेटच्या चक्रावर ३७ घरे असतात, पण जिंकणाऱ्याला लावलेली रक्कम परत मिळून वर तिच्या ३५ पटच मिळतात; या फरकामुळे लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोकडे राहतात. दोन शून्यांच्या चक्रावर हेच प्रमाण ५.२६ टक्क्यांवर जाते. एका डावात हा तोटा जाणवत नाही. तो डावांच्या संख्येने वाढतो, म्हणजेच ग्राहक किती वेळ बसतो यावर कॅसिनोची कमाई ठरते. भिंतीवर घड्याळ नसणे, प्रवेशशुल्कातच जेवण आणि मद्य धरलेले असणे, सोबत काही चिपा मिळणे पण त्यांचे रोखीत रूपांतर न करता येणे, या सगळ्याचा उद्देश एकच असतो. ठाण्याहून किंवा पनवेलहून कोकणकन्या अथवा मांडवी एक्स्प्रेसने गेलेला चौघांचा गट बहुधा ‘पाच हजार गेले की उठायचे’ असे आपसांत ठरवूनच बसतो. ते पाच हजार गेल्यावर मात्र ‘तेवढे वसूल करून उठू’ अशी भाषा सुरू होते. हरलेली रक्कम परत मिळवण्यासाठी पैज वाढवत नेणे हे जुगाराच्या व्यसनाचे एक ठळक लक्षण मानले जाते.

दुसरी सार्वत्रिक चूक म्हणजे मागील डावांवरून पुढचा ताडणे. युरोपातील मोनॅको देशाच्या माँटे कार्लो येथील कॅसिनोत १८ ऑगस्ट १९१३ रोजी रूलेटचा चेंडू सलग २६ वेळा काळ्या घरात पडला. आता लाल येणारच म्हणून लोक रकमा चढवत गेले आणि मोठ्या प्रमाणावर हरले. आज चक्राशेजारच्या फलकावर मागील निकाल झळकवून कॅसिनो हीच समजूत पोसतात. अंदर-बाहर किंवा तीन पत्तीच्या टेबलावर पत्त्यावर फुंकर मारणे, जागा बदलणे, ‘या मुलीचा हात जड आहे, दुसरी पाठवा’ अशी मागणी करणे हे प्रकार त्याच जातीचे. निकालावर डीलरचा काडीचाही ताबा नसतो, तरी हरलेल्याचा राग प्रथम त्याच्यावर निघतो आणि उलट उत्तर न देणे हा नोकरीचा भाग समजला जातो. स्त्री-कर्मचाऱ्यांना अंगचटीला येणाऱ्या ग्राहकांचाही त्रास होतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार तेथे येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासून संरक्षण देणे हीसुद्धा मालकाची जबाबदारी आहे, हे अनेकींना ठाऊक नसते.

जहाजांवरील नोकऱ्यांचा नवी मुंबईशी अधिक जवळचा संबंध आहे, कारण सीबीडी बेलापूर परिसरात जहाजभरतीची अनेक कार्यालये आहेत. अशा संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो आणि नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेण्यास तिला मनाई आहे. फसवणुकीच्या तक्रारींत नेमके असेच पैसे भरलेले आढळतात. जहाज बंदरात असताना कॅसिनो सामान्यतः बंद राहतो, त्यामुळे तेथील कर्मचाऱ्यांना इतरांपेक्षा किनारा अधिक पाहायला मिळतो. पण कंत्राट अनेक महिन्यांचे असते. भारताने २०१५ साली स्वीकारलेल्या सागरी कामगार करारानुसार चोवीस तासांत किमान १० आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळणे बंधनकारक आहे.

खुद्द ठाणे–नवी मुंबईत जुगाराची गरज रमी क्लब, मटक्याचे अड्डे आणि व्हिडिओ गेम पार्लर भागवतात. रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले. तीन पत्त्यांच्या खेळांना मात्र ते लागू नाही, आणि क्लबच्या आतल्या खोलीत रमीच्या नावाखाली नेमके तेच चालते असा पोलिसांचा नेहमीचा आरोप असतो. पार्लरमध्ये यंत्रावर गुण जमतात आणि काउंटरवरचा मुलगा त्यांचे गुपचूप पैसे करून देतो. छापा पडला की १८८७ च्या कायद्याच्या कलम ४ खाली, चालवण्यास कोणत्याही प्रकारे साह्य करणारा म्हणून तोही आरोपी होतो, मग त्याचा पगार कितीही तुटपुंजा असो. दुकाने व आस्थापना कायद्यातील कामाच्या तासांची मर्यादा त्याच्या कामाला कोणी लावत नाही. थकलेला पगारही तो सहजासहजी मागू शकत नाही, कारण बेकायदा उद्देशाचा करार करार कायद्याच्या कलम २३ नुसार रद्दबातल ठरतो. पैजेचे येणेही कलम ३० मुळे न्यायालयातून वसूल करता येत नाही, म्हणून उधारीवर खेळलेल्या ग्राहकाकडे तगादा लावायला मालक याच मुलाला पाठवू शकतो.