मेकॅट्रॉनिक्स आणि नियंत्रण प्रणाली

यंत्राचे हलणारे भाग, त्यांना चालवणारी विद्युत व इलेक्ट्रॉनिक सामग्री आणि या साऱ्यावर नियंत्रण ठेवणारा संगणकीय प्रोग्रॅम यांची रचना एकाच वेळी, एकमेकांचा विचार करून करणारी अभियांत्रिकी शाखा म्हणजे मेकॅट्रॉनिक्स. औद्योगिक रोबॉट, सीएनसी (संगणकनियंत्रित) यंत्रे, वाहनांतील एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी प्रणाली), ड्रोन, हार्ड डिस्क, कॅमेऱ्यातील ऑटोफोकस ही तिची परिचित उदाहरणे. तयार यंत्राला मागाहून मोटर आणि सर्किट जोडले, तर ते विजेवर चालेल. पण तेवढ्याने ती मेकॅट्रॉनिक रचना होत नाही. गिअरबॉक्स कोणता घ्यायचा, सेन्सर कोणत्या शाफ्टवर बसवायचा, प्रोग्रॅम सेकंदाला किती वेळा चालवायचा हे प्रश्न वरवर वेगवेगळ्या विभागांचे वाटतात. प्रत्यक्षात एकाचे उत्तर बदलले की बाकीच्यांचीही बदलतात. त्यांना असे एकत्र बांधून ठेवते ते फीडबॅकचे, म्हणजे परिणाम मोजून त्यानुसार पुढची कृती ठरवण्याचे, बंद चक्र, म्हणून या नोंदीत भर त्यावरच दिला आहे.

मेकॅट्रॉनिक्स हे नाव जपानच्या यास्कावा इलेक्ट्रिक या कंपनीतील अभियंते तेत्सुरो मोरी यांनी १९६९ मध्ये सुचवले. कंपनीने ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले आणि १९८२ मध्ये त्यावरील हक्क सोडून दिला. पुढे ते जगभर रुळले. १९७१ मध्ये इंटेलचा ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आला होता आणि त्याच सुमारास अमेरिकेतील मोटार कारखान्यांत रिले (विजेने चालणारे स्विच) पॅनेलची जागा पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारे नियंत्रक, घेऊ लागले होते. कॅम आणि रिले बदलून करावी लागणारी कामे आता प्रोग्रॅम बदलून होऊ लागली.

नियंत्रण प्रणालीचे दोन मूळ प्रकार आहेत. ठरावीक सेकंदांनी बदलणारा चौकातला सिग्नल समोर किती वाहने थांबली आहेत हे पाहत नाही. हे ओपन लूप नियंत्रण. एअर कंडिशनर खोलीचे तापमान मोजतो, हव्या असलेल्या तापमानाशी ताडून पाहतो आणि त्यानुसार कॉम्प्रेसर चालू-बंद करतो. हे क्लोज्ड लूप नियंत्रण. त्यात चार घटक लागतात : मोजणारा सेन्सर, निर्णय घेणारा कंट्रोलर, प्रत्यक्ष जोर लावणारा अ‍ॅक्च्युएटर आणि ज्याच्यावर ताबा ठेवायचा ते यंत्र, ज्याला अभ्यासक्रमात प्लांट म्हणतात. हवे असलेले मूल्य आणि मोजलेले मूल्य यांतला फरक म्हणजे त्रुटी. ती कमी करणे एवढेच कंट्रोलरचे काम, आणि ते दिसते त्याहून पुष्कळ अवघड आहे.

अवघड का, हे वाफेच्या इंजिनांनी प्रथम दाखवले. जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये आपल्या इंजिनाला केंद्रोत्सारी गव्हर्नर जोडला. इंजिन वेगाने फिरू लागले की त्याचे दोन गोळे बाहेर फेकले जात, वर उचलल्या जाणाऱ्या दांड्यांनी वाफेची झडप थोडी मिटे आणि वेग उतरे. सुरुवातीची इंजिने या रचनेवर बरी चालली. पुढे कारखान्यांतले यंत्रकाम सुधारले, सांधे अधिक अचूक झाले, घर्षण घटले, आणि अनेक इंजिनांचा वेग सारखा खाली-वर हेलकावू लागला. कारागिरी सुधारल्यावर यंत्र बिघडावे हे कोडे होते. जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६८ च्या आपल्या निबंधात त्याचे गणित मांडले : गव्हर्नर आणि इंजिन यांचे मिळून जे अवकल समीकरण होते, त्याच्या लक्षण-समीकरणाच्या (त्यावरून मिळणाऱ्या बीजगणितीय समीकरणाच्या) सर्व मुळांचा वास्तव भाग ऋण असेल तरच हेलकावे विरतात. जुन्या इंजिनांत हे हेलकावे घर्षणच मुरवत होते. ते गेल्यावर अवमंदनही (हेलकावे विरवणारा विरोध) गेले. एडवर्ड राउथ यांनी १८७७ मध्ये आणि अडॉल्फ हुर्विट्झ यांनी १८९५ मध्ये, समीकरण न सोडवताही स्थैर्य तपासता येईल अशा कसोट्या दिल्या. राउथ-हुर्विट्झचा तक्ता परीक्षेत सहज सोडवला जातो; मात्र तो खऱ्या कारखान्यांतल्या खऱ्या हेलकाव्यांतून जन्मला आहे, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते.

आज उद्योगात सर्वाधिक वापरला जाणारा कंट्रोलर म्हणजे पीआयडी. त्याची सैद्धांतिक मांडणी निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजाच्या स्वयंचलित सुकाणूसाठी केली. कुशल सुकाणूधारी फक्त दिशा किती चुकली आहे एवढेच पाहत नाही; जहाज किती झपाट्याने वळते आहे आणि वारा त्याला सतत एकाच बाजूला ढकलतो आहे का, याचाही तो अंदाज घेतो, असे त्यांना दिसले. पीआयडीच्या प्रमाणी, अवकल आणि समाकल या तीन संज्ञा म्हणजे अनुक्रमे याच तीन गोष्टी आहेत.

रोबॉटचा एक आडवा हात डोळ्यांसमोर आणू. वजनासह तो स्थिर धरायला सांध्याशी २ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा जोर) लागतो आणि कंट्रोलर फक्त प्रमाणी, म्हणजे त्रुटीच्या पटीत टॉर्क देणारा आहे. ही पट, म्हणजे गेन, दर रेडियनला २० न्यूटन-मीटर असेल, तर २ न्यूटन-मीटर मिळण्यासाठी ०.१ रेडियन त्रुटी उरावीच लागते. हात कायम सुमारे ५.७ अंश खाली लोंबतो. त्रुटी शून्य झाली तर टॉर्कही शून्य होईल, म्हणून ही त्रुटी जातच नाही. गेन दहापट केला तर लोंबणे दहापट कमी होईल. पण हात थरथरू लागण्याची, गव्हर्नरसारखाच हेलकावण्याची शक्यता वाढते. अशा वेळी समाकल संज्ञा कामी येते. ती उरलेली त्रुटी काळाबरोबर साठवत जाते, आणि त्रुटी शून्य झाल्यावरही हा साठा आवश्यक टॉर्क देत राहतो. मात्र हात कशाला तरी अडला आणि मोटर तिच्या कमाल क्षमतेला पोचली, तरी साठा वाढतच राहतो. अडथळा सुटल्यावर हात जोराने पलीकडे झेपावतो. याला इंटिग्रल वाइंडअप म्हणतात. मोटर मर्यादेला टेकली की साठवण थांबवणे हा त्यावरचा उपाय प्रोग्रॅममध्ये पहिल्या दिवसापासून असायला हवा. प्रयोगशाळेत जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या सुरक्षिततेचा हा प्रश्न आहे.

तिसरी, अवकल संज्ञा त्रुटी बदलण्याचा वेग पाहते आणि गेलेले अवमंदन परत आणते. द्वितीय कोटीच्या प्रमाण प्रणालीत अवमंदन गुणोत्तर ०.५ असेल तर ओव्हरशूट (ठरलेल्या मूल्याच्या पलीकडे जाणे) सुमारे १६ टक्के होतो, ०.७ असेल तर ५ टक्क्यांच्या आत येतो. कागदावर हे सोपे आहे. अडचण येते ती वेग मोजताना. दर फेऱ्याला १००० रेषांचा एन्कोडर (शाफ्टचे फिरणे मोजणारा सेन्सर) चौपट वाचनाने ४००० स्पंद देतो, म्हणजे ०.०९ अंशाची सूक्ष्मता. पण प्रोग्रॅम दर मिलिसेकंदाला चालत असेल, तर एका मिलिसेकंदातला एक स्पंद म्हणजे मिनिटाला १५ फेरे. शाफ्ट प्रत्यक्षात १० फेऱ्यांच्या संथ गतीने फिरत असेल, तर मोजलेला वेग कधी ० तर कधी १५ असा उड्या मारतो, आणि अवकल संज्ञा त्या उड्या मोटरपर्यंत पोचवते. मोटर करकरते. मग कोणी फिल्टर लावतो. फिल्टरने विलंब वाढतो, आणि विलंबाने स्थैर्य घटते.

विलंबाची किंमत मोजता येते. ५ मिलिसेकंदांचा विलंब १० हर्ट्झला १८ अंशांचा कलाविलंब (सिग्नल किती मागे पडला याचे कोनातील माप) देतो. फेज मार्जिन, म्हणजे चक्र अस्थिर होण्याआधी सोसू शकेल असा जादा कलाविलंब, साधारण ४५ ते ६० अंश ठेवतात, त्यातले १८ अंश केवळ सँपलिंग (ठरावीक वेळाने वाचन घेणे) संथ ठेवल्याने जाऊ शकतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने घेतलेला निर्णय असा थेट यंत्राच्या थरथरीत दिसतो. यंत्रबाजूचेही तसेच आहे. गिअरच्या दातांमध्ये बॅकलॅश, म्हणजे मोकळी फट, असेल आणि एन्कोडर मोटरच्या शाफ्टवर असेल, तर कंट्रोलरला तो दिसतच नाही. मोटर अचूक थांबते, हात मात्र सैल राहतो. एन्कोडर हाताच्या बाजूला नेला तर चूक दिसते, पण दातांतली ती मोकळी फट चक्राच्या आत येते आणि हात ठरलेल्या जागेभोवती न थांबता मागे-पुढे होऊ लागतो. रोबॉटच्या सांध्यांत हार्मोनिक ड्राइव्हसारखे जवळजवळ बॅकलॅश नसलेले गिअर वापरतात ते यामुळेच. तेही थोडे लवचिक असतात, आणि ती लवचिकता नव्याने हिशेबात धरावी लागते.

गेन ठरवण्यासाठी झीगलर व निकोल्स यांनी १९४२ मध्ये दिलेले नियम पाठ्यपुस्तकांत असतात. ते प्रक्रिया उद्योगांसाठी केलेले आहेत. रोबॉटच्या सांध्याला जसेच्या तसे लावले तर ओव्हरशूट बराच राहतो. सुरुवातीचा अंदाज म्हणूनच ते वापरावेत.

सगळीकडे पीआयडीच असतो असे नाही. बॉशने १९७८ मध्ये मोटारींसाठी बाजारात आणलेले इलेक्ट्रॉनिक एबीएस याचे चांगले उदाहरण आहे. ब्रेक लावल्यावर चाकाचा वेग वाहनाच्या वेगापेक्षा किती टक्क्यांनी कमी आहे याला स्लिप म्हणतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर साधारण १० ते २० टक्के स्लिपपर्यंत पकड वाढते, त्यापुढे ती घटते. घटली की चाक आणखी मंदावते आणि काही क्षणांत अडकते. हा भाग मुळातच अस्थिर आहे. शिवाय वाहनाचा खरा वेग थेट मोजता येत नाही, तो चारही चाकांच्या वेगांवरून काढावा लागतो. म्हणून पारंपरिक एबीएसमध्ये चाकाच्या मंदनाच्या मर्यादा ठरवून सोलेनॉइड झडपांनी ब्रेकचा दाब वाढवणे, धरून ठेवणे किंवा सोडणे असे नियम असतात. दातेरी कडे, वेग-सेन्सर, झडप आणि प्रोग्रॅम यांपैकी कशालाही उशीर परवडत नाही. भारतात १२५ सीसीवरील दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाल्याने, आज रस्त्यावरच्या असंख्य मोटरसायकलींत हे चक्र फिरते आहे.

महाराष्ट्रात तंत्रनिकेतनांत मेकॅट्रॉनिक्सची पदविका आहे आणि यंत्र अभियांत्रिकीच्या पदवीतही हा विषय असतो. आशिया-पॅसिफिक विभागातील विद्यार्थ्यांची एबीयू रोबोकॉन ही स्पर्धा २००८ मध्ये पुण्यात भरली, तेव्हा तिचा विषय दहीहंडीवर बेतलेला होता.

विषय हातात यावा यासाठी गिअर असलेली एक डीसी मोटर, एन्कोडर, मोटर ड्रायव्हर आणि साधा मायक्रोकंट्रोलर एवढी सामग्री पुरते. सेटपॉइंट (हवे असलेले मूल्य) एकदम ९० अंशांनी बदलून दर मिलिसेकंदाचे वाचन नोंदवावे आणि त्याचा आलेख काढावा. चढण्याचा वेळ, ओव्हरशूट आणि स्थिरावण्याचा वेळ त्यावर मोजता येतात. स्थिर झाल्यावरही एकदोन स्पंदांची थरथर उरली, तर आधी गेन न बदलता घर्षण आणि गिअरमधली फट तपासावी.